पार्किंगमधले झेब्रा पट्टे दर पावसाळ्यात का उडतात : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मुंबईतल्या ऑफिस पार्कांत, मॉलच्या बेसमेंटमध्ये, शोरूमच्या आवारात एकच तक्रार ऐकू येते. मे महिन्यात झेब्रा पट्टे मारले, गणपतीपर्यंत अर्धे उडाले. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाऊस जास्त झाला, पेंटर म्हणतो गाड्या लवकर सोडल्या, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच जागी तोच रंग पुन्हा चढतो. असे पट्टे मी कित्येक आवारांत नव्याने मारून दिले आहेत आणि माझं ठाम मत आहे की डब्यातल्या रंगाचा दोष क्वचितच असतो. रंग ज्या जमिनीवर बसतो ती जमीन कुणी तपासत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा उडतो.

हे काम सजावटीचं नाही. लिफ्टमधून बाहेर पडून गाडीकडे निघालेल्या माणसाच्या एका हातात पिशवी असते, दुसऱ्या हातात लहान मूल. रॅम्पवरून उतरणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे तेव्हा उन्हातून अंधारात सरावत असतात. त्या दोन क्षणांत त्याला जमिनीवर काहीतरी ठळक दिसलं पाहिजे.

आधी लक्षणं ओळखा

पट्टा कसा खराब झालाय यावर कारण ठरतं, म्हणून नुसतं ‘रंग गेला’ असं नोंदवू नका. पुढच्यापैकी काय दिसतंय ते लिहून ठेवा.

- पोपडे निघणं. कडेला नख घातलं की तळहाताएवढा तुकडा अख्खा सुटून येतो.
- फक्त चाकांच्या वाटेवर झिजणं. बाकी पट्टा शाबूत.
- फोड येणं. दाबला तर आत ओल लागते.
- डांबरावर मारलेला पांढरा रंग पिवळट, तपकिरी होत जाणं.
- हात फिरवला की पांढरी भुकटी लागणं.
- रंग दिवसेंदिवस चिकट राहणं, काळा पडणं, त्यात टायरची नक्षी उमटणं.
- नवा हात मारल्याबरोबर खालचा जुना रंग सुरकुतून वर येणं.
- रंग दिसायला उत्तम, पण पाऊस पडला की त्यावर पाय सटकणं.

एकाच क्रॉसिंगवर दोन-तीन लक्षणं एकत्र दिसू शकतात. बेसमेंटच्या तोंडाशी असलेल्या पट्ट्यांत तर हे नेहमीचंच, कारण अर्धा पट्टा पावसात आणि अर्धा छपराखाली असतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली फेरी नुसती बघण्याची. शक्यतो एक चक्कर भर पावसात मारा आणि एक कोरड्या दिवशी. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कोणत्या फटीतून झिरपतं हे पावसातच दिसतं. रंग उडालेली जागा आणि पाणी साचणारी जागा एकच निघाली तर रंगाचा डबा बाजूला ठेवा. आधी उतार किंवा जाळीची नाली नीट करायला हवी.

चाकांची वाट बघताना एक हिशेब लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या खुणांसाठी आयआरसी:३५ ही भारतीय संहिता आहे. तिच्यात झेब्रा पट्टे साधारण ५०० मिलिमीटर रुंद आणि दोन पट्ट्यांत तेवढंच अंतर असं माप आहे. खासगी आवारांतही बहुतेक जण हेच माप धरतात. मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये अंतर असतं दीड मीटरच्या आसपास. म्हणजे एक चाक मोकळ्या जागेच्या मधोमध गेलं की दुसरं नेमकं पांढऱ्यावर येतं. गाडी कशीही गेली तरी एक चाक रंगावरून जाणारच. तेव्हा वर्ष-दीड वर्षानंतर फक्त त्या वाटेवर झीज दिसली तर ती स्वाभाविक झीज आहे. तेवढ्या जागी एक हात मारा आणि विषय संपवा. दोन-तीन महिन्यांतच जमीन दिसायला लागली असेल तर मात्र पुढे वाचा. बूम बॅरियरपाशी किंवा तिकीट घ्यायच्या खिडकीपाशी गाड्या उभ्या राहून जागच्या जागी स्टिअरिंग फिरवतात. तिथे टायर रंगाला अक्षरशः पिळतो. तसं क्रॉसिंग दोन-तीन मीटर पुढे-मागे सरकवता आलं तर कोणत्याही महागड्या रंगापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. मात्र ते सरकवून खांबाच्या किंवा उभ्या गाडीच्या आड नेऊ नका.

दुसरी तपासणी माणसांची. हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला विचारा, फरशी कशाने धुता? तेलाचे डाग काढायला ॲसिड वापरत असतील तर ते काँक्रीटचा वरचा थर खातं आणि रंगाखालची पकड सुटते. सकाळी गाड्या पुसणाऱ्या मुलांना विचारा, बादल्या कुठे ओतता? क्रॉसिंगच्या बाजूलाच नळ असेल तर पट्ट्यावर बारा महिने साबणाचं पाणी असतं. नळ हलवणं किंवा बादली ओतायची जागा बदलणं याला काही खर्च नाही. विचारताना आवाज चढवू नका. ती मुलं त्या जमिनीवर रोज पहाटेपासून असतात आणि कुठे ओल मरत नाही हे त्यांना इंजिनियरपेक्षा आधी कळलेलं असतं.

तिसरी तपासणी डब्यांची. तीन मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असे सहा पट्टे धरले तर एका क्रॉसिंगचं क्षेत्र ९ चौरस मीटर होतं. एक लिटर रंग २०० मायक्रॉन ओल्या जाडीने लावला तर ५ चौरस मीटर पुरतो. दोन हातांचे १८ चौरस मीटर, म्हणजे ३.६ लिटर रंग लागला पाहिजे. एका ५ लिटरच्या डब्यात तीन क्रॉसिंग उरकली असतील तर ओली जाडी १०० मायक्रॉनही भरत नाही, आणि थिनर उडून गेल्यावर त्याहूनही कमी उरते. असा पट्टा पहिल्या दिवशी झकास दिसतो, कारण पांढरा रंग पातळ असला तरी पांढराच दिसतो. रोलर पळावा म्हणून पेंटर थिनर ओततात. डब्यावर कंपनीने जेवढं लिहिलंय त्याच्या पलीकडे एक थेंब नको. रिकामे डबे आणि थिनरचे कॅन काम संपल्यावर मोजून घ्या, फोटो काढून ठेवा.

पापुद्रा उलटा करून बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच, आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. सुटायला आलेला रंगाचा तुकडा पुट्टी मारायच्या पात्याने अलगद उचला, उलटा करा आणि उजेडात धरा.

उलट्या बाजूला करड्या सिमेंटची भुकटी चिकटलेली असेल तर रंगाने आपलं काम केलंय. तो घट्ट चिकटला होता, पण ज्याला चिकटला तो थरच सुटून आला. ट्रिमिक्स (ओतल्यावर जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून घेतलेलं काँक्रीट) किंवा साधं काँक्रीट ओतताना पाणी जास्त झालं की सिमेंटचा पातळ, कमजोर थर वर तरंगून येतो, दुधावरच्या सायीसारखा. तो घासून काढल्याशिवाय कोणताही रंग टिकणार नाही.

उलटी बाजू गुळगुळीत, चकचकीत, स्वच्छ असेल तर रंग मुळात चिकटलाच नव्हता. खाली तेल आहे, काँक्रीटवर फवारलेलं क्युरिंग कंपाउंड (ओतल्यावर आतलं पाणी उडू नये म्हणून मारतात तो द्रव) आहे, किंवा पेव्हर ब्लॉकचं लॅकर आहे.

ओलसर लागली आणि जमिनीवर पांढरी, किंचित खरखरीत पूड दिसली, तर ते क्षार आहेत. खालून पाणी वर येताना ते सोबत घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार रंगाखाली साठतात आणि रंगाला वर ढकलतात. पावसाळ्यात पोपडे निघायचं मुंबईतलं हे सगळ्यात मोठं कारण.

आणि कडेने बघितल्यावर थर मोजता आले, म्हणजे पांढरा, पिवळा, पुन्हा पांढरा, मधे धुळीची करडी रेघ, तर दर वर्षी न झाडता जुन्यावर नवं चढवलं गेलंय. इतका जाड गठ्ठा झाला की तो स्वतःच्याच ताणाने फाटतो. यावर आणखी एक हात मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सगळं खरवडूनच काढावं लागेल.

क्रॉसिंगच्या दोन-तीन वेगवेगळ्या जागांचे तुकडे घ्या. रॅम्पच्या बाजूला ओल आणि लिफ्टच्या बाजूला साय, असं एकाच क्रॉसिंगवर मिळू शकतं.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

पाण्याचे थेंब. उघड्या, कोरड्या जमिनीवर चमचाभर पाणी ठिकठिकाणी शिंपडा. काँक्रीटने ते मिनिटा-दोन मिनिटांत शोषून रंग गडद केला तर ठीक. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वर तेल किंवा सीलर आहे. तेल असेल तर डिटर्जंटने घासा, खूप पाण्याने धुवा, सुकू द्या, पुन्हा थेंब टाका. थेंब शोषले जाईपर्यंत हेच करायचं. डांबर पाणी पीत नाही, तेव्हा ही चाचणी फक्त काँक्रीट आणि ब्लॉकसाठी.

चिकटपट्टी. जिथे रंग अजून चांगला दिसतोय तिथे कटरने उभ्या-आडव्या चिरा पाडून छोटी चौकट करा, त्यावर खोके बांधायची खाकी टेप घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर ‘चांगला दिसणारा’ भागही जाणार आहे. यावरून ठरतं की नुसते खड्डे भरायचे की पूर्ण पट्टा काढायचा.

प्लास्टिक. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवा, चारही कडा टेपने सीलबंद करा आणि निदान १६ तास तसंच राहू द्या. संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर उत्तम. आतल्या बाजूला दव जमलं किंवा खालचं काँक्रीट गडद झालं, तर ओल जमिनीतून येतेय. आतून कोरडं पण आजूबाजूची फरशी दमट असेल तर ती हवेतली वाफ आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण उपाय वेगळे. हवेची ओल असेल तर पंखे लावून आणि वेळ निवडून काम होतं. जमिनीची ओल असेल तर पाण्याचा उगम शोधल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

वेळेबद्दल इथेच सांगतो. जून ते सप्टेंबर उघड्यावर पट्टे मारू नयेत. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी डांबर चटका देईल इतकं तापतं, वरचा पापुद्रा आधी सुकतो, आत थिनर अडकतो आणि फोड येतात. तेव्हा तिन्हीसांजेनंतर काम करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ, पण रात्रीच्या पाळीत पहाटेच्या दवाकडे लक्ष ठेवा. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे. उभ्या गाड्यांच्या काचा घामेजल्या असतील तर त्या वेळी डबा उघडू नका.

थिनरचा बोळा. नवा रंग जुन्याशी जुळतो का, हे बघायला नव्या रंगाच्या थिनरमध्ये कापूस भिजवून जुन्या पट्ट्यावर दहा मिनिटं ठेवा. जुना रंग सुरकुतला, मऊ पडला तर तो नव्या रंगाखाली टिकणार नाही. क्लोरिनेटेड रबरचा रोड मार्किंग पेंट साध्या ऑइल पेंटवर मारला की हमखास हेच होतं. आणि ऑइल पेंट मुळात काँक्रीटसाठी नव्हेच. काँक्रीटमधला अल्कली ओल लागली की तेलाशी भिडतो, तेलाचा साबण होतो, आणि रंग मऊ, चिकट होऊन सुटतो. वर लिहिलेलं ‘चिकट राहून काळा पडणं’ बहुतेकदा यातूनच येतं. दुकानदाराने ‘पांढरा आहे, चालेल’ म्हणून दिलेला डबा घेऊ नका. डब्यावर रोड मार्किंग किंवा फ्लोअर मार्किंग लिहिलेलं हवं.

टॉर्च. उघड्या पार्किंगमध्ये रात्री दहा-बारा पावलांवर उभं राहून मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या शेजारी धरा आणि पट्ट्यावर मारा. काचमणी, म्हणजे उजेड परत फेकणारे काचेचे बारीक मणी, नीट बसले असतील तर पट्टा चमकून उठतो. मणी रंग ओला असतानाच शिंपडावे लागतात. वर साय धरल्यावर टाकले तर पहिल्याच झाडूबरोबर निघून जातात. पाय सटकत असतील तर मण्यांसोबत बारीक सिलिका वाळू किंवा अँटी-स्किड चूर्ण मागा. नुसत्या गुळगुळीत रंगावर काचमणी पुरेसे पडत नाहीत.

एका पट्ट्यावर प्रयोग

सगळं क्रॉसिंग उकरण्याआधी एकच पट्टा निवडा, तोही चाकाखाली येणारा. त्याचे तीन भाग करा. एक भाग तारेच्या ब्रशने घासून, दुसरा ग्राइंडरने खरवडून, तिसरा खरवडून वर प्रायमर देऊन. तिन्हींवर एकाच डब्यातला रंग, तेवढीच जाडी. दोन-तीन आठवडे रोजची वर्दळ जाऊ द्या आणि मग टेपची चाचणी पुन्हा करा. ब्रशवालाच भाग टिकला तर ग्राइंडिंगचा खर्च वाचला. हा प्रयोग टाळून थेट मोठं काम देणारे पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतात.

मोठं काम

काँक्रीटवर डायमंड कप ग्राइंडर, त्याला व्हॅक्यूम जोडलेला, आणि कामगाराच्या तोंडाला बारीक धूळ अडवणारा योग्य मास्क. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात कायमची राहते. रुमाल बांधून हे काम करू देऊ नका, कितीही घाई असो. नंतर धूळ झाडून नव्हे तर व्हॅक्यूमने ओढून काढायची, मग प्रायमर, मग दोन हात. काँक्रीट नवं असेल तर निदान २८ दिवस थांबा, मग प्लास्टिकची चाचणी करा. २८ दिवस हे मजबुतीचं माप आहे, कोरडेपणाचं नाही. जाड स्लॅबला सुकायला त्याहून बराच वेळ लागतो.

नव्या डांबरावर काही आठवडे तरी जाऊ द्या. ताज्या डांबरातलं तेल रंगातल्या थिनरमध्ये विरघळून वर येतं, पांढऱ्याचं पिवळं त्यामुळेच होतं. उद्घाटनासाठी लगेच पट्टे हवेच असतील तर पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंग घ्या, त्यात हा त्रास कमी.

एक्सपान्शन जॉइंटवरून (काँक्रीट फुगायला-आकसायला सोडलेल्या फटीवरून) पट्टा सलग ओढू नका, तेवढी पट्टी कोरी सोडा. काँक्रीट करडं असल्याने पांढऱ्याच्या मधे काळा मारण्याची पद्धत आहे. मारायचाच असेल तर काळाही त्याच जातीचा आणि तितकाच खरखरीत असावा. डांबरावर काळ्याची गरज नाही.

गाड्या कधी सोडायच्या? हाताला कोरडं लागणं पुरेसं नाही. अंगठा जोरात दाबून पिळा. ठसा उमटला किंवा रंग सरकला तर टायरखाली तो नक्की जाणार, कारण टायर गरम असतो आणि त्यावर गाडीचं वजन असतं. मॉल रात्री बंद होतो आणि सकाळी गाड्या येतात, तेवढ्या वेळात बसणारा रंग निवडा, नाहीतर अर्धं क्रॉसिंग एका रात्री आणि अर्धं दुसऱ्या रात्री करा. इपॉक्सीला पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि उन्हात तो पिवळा पडून भुकटी सोडतो. बेसमेंटसाठी ठीक, उघड्यावर नको.

पेव्हर ब्लॉकबद्दल मी वेगळंच सांगेन : त्यावर रंग मारूच नका. ब्लॉक चाकाखाली किंचित हलतो, सांध्यात रंग तुटतो, खालच्या वाळूतून ओल येत राहते. त्याच मापाचे पांढरे आणि काळे ब्लॉक घेऊन क्रॉसिंग बसवून घ्या. पहिल्यांदा खर्च जास्त होतो, पण दर मे महिन्यातली कटकट कायमची संपते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

प्लास्टिकखाली दर वेळी पाणी जमत असेल, भेगेतून झिरपत असेल किंवा छतातून ठिबकत असेल, तर तो वॉटरप्रूफिंगवाल्याचा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा विषय आहे. काँक्रीट ठोकल्यावर पोकळ वाजलं, भेगेशी गंजाचे तपकिरी ओघळ दिसले किंवा सळी उघडी पडली, तर रंगाचं काम त्याच दिवशी थांबवा. पोडियमचा किंवा वरच्या मजल्याचा स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड (आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा असलेला) असेल तर इंजिनियरने लेखी सांगितल्याशिवाय तिथे खोदू किंवा भोक पाडू नका.

थर्मोप्लास्टिक पट्टे स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. ते मटेरियल १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून ओतावं लागतं, बॉयलर गॅसवर चालतो, आणि बंद बेसमेंटमध्ये तो नेणं जिवाशी खेळ आहे. डांबरावर ते छान बसतं, काँक्रीटवर प्रायमरशिवाय नाही, म्हणून कोटेशनमध्ये प्रायमर लिहिलाय का ते बघा. थिनरवाला रंगसुद्धा बेसमेंटमध्ये मारायचा असेल तर एक्झॉस्ट चालू हवा, ठिणगी उडेल असं काहीही जवळ नको, आणि एकट्या माणसाला खाली सोडायचं नाही. कुणाला गरगरलं, डोकं दुखलं तर सगळ्यांनी वर यायचं.

क्रॉसिंगवर कुणाला धक्का लागला असेल किंवा थोडक्यात वाचण्याचे प्रसंग वारंवार घडत असतील तर नुसते पट्टे पुरणार नाहीत. ट्रॅफिक सल्लागाराकडून जागा, उजेड आणि गतिरोधक तपासून घ्या. तोपर्यंत दोन्ही बाजूंना कोन ठेवा, गर्दीच्या वेळी सिक्युरिटीचा माणूस उभा करा.

आणि गेटच्या बाहेरचा पट्टा तुमचा नाही. तो सार्वजनिक रस्ता आहे, तिथे स्वतः रंग मारू नका. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या, सोबत फोटो आणि तिथून रोज किती माणसं, कोणत्या वेळी ओलांडतात याची साधी नोंद जोडा, आणि अर्जाची पोच घेऊन फाइलला लावा.